मा म्हणजे घोडा, कुत्रा की 'ये'? आसामात मोडीवाल्या मामांसोबत सात दिवस

आमचे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, सातारला भूमी अभिलेखमधून रिटायर झाले आणि त्यांना मोडी वाचता येते. आता वय ६९. गावातले लोक अजून जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येतात आणि मामा चष्मा कपाळावर चढवून 'सु' की 'सू' असं पुटपुटत बसतात. मागच्या दिवाळीत मी त्यांना सहज म्हटलं की आसाममध्ये नामफाके नावाचं एक गाव आहे, तिथली फाके नावाची ताई भाषा बोलणारे जेमतेम दोन हजारच्या आसपास लोक उरलेत, ते सगळेही एकाच गावात नाहीत, आणि त्यांची स्वतःची लिपी आहे. मामा म्हणाले, "तिकीट काढ." झालं. मामी म्हणाल्या मी काय येत नाही त्या थंडीत, तुम्ही दोघं जा. त्यामुळे ही आमची मामा-भाचीची ट्रिप. परत येऊन तीन आठवडे झालेत, आत्ता कुठे लिहायला बसलेय.

एक सांगून ठेवते, ताई म्हणजे आपली ताई नव्हे. थायलंडची थाई, लाओसची लाओ, ब्रह्मदेशातली शान या सगळ्या एकाच कुटुंबातल्या भाषा, आणि त्या कुटुंबाची पश्चिमेकडची टोकाची शाखा आसाम-अरुणाचलात येऊन राहिलीय. अहोम, खामती, फाके, आइतोन वगैरे.

दिवस पहिला, ३० जानेवारी: पुणे ते दिब्रुगड

विमान बदलून दिब्रुगडला उतरलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं एवढंच की पाच वाजता बाहेर आलो तर अंधार पडायला लागलेला! मामा घड्याळ हलवून बघतायत. घड्याळ सगळ्या देशाचं एकच पण सूर्य तिथे आपल्या बराच आधी उगवतो आणि बराच आधी बुडतो, हे शाळेत भूगोलात शिकलेलं असतं पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

टीप: प्लॅन करताना संध्याकाळ धरूच नका. सकाळी सहाला बाहेर पडा, चारला आवरा. जानेवारीत सकाळी दाट धुकं असतं आणि गारठाही, स्वेटर-मफलर पाहिजेच.

दिवस दुसरा, ३१ जानेवारी: शिवसागर

शिवसागरला एका ठिकाणी जुन्या पोथ्या बघायला मिळतील म्हणून मी महिनाभर आधी फोन केले होते. दारात गेलो तर कुलूप. ३१ जानेवारीला 'मे-दाम-मे-फी', आसामात सरकारी सुट्टी! चूक माझीच, कॅलेंडर बघितलं नाही. मामांनी एक शब्द काढला नाही पण मिशीतल्या मिशीत हसत होते, त्यांची नोकरी सरकारी, सुट्ट्या त्यांना तोंडपाठ.

पण ती सुट्टीच आमच्या कामी आली. मे-दाम-मे-फी म्हणजे अहोम लोकांचा पितरांना नैवेद्य. मे म्हणजे अर्पण, दाम म्हणजे पूर्वज, फी म्हणजे देव. ड्रायव्हर दादा स्वतः अहोम, तो म्हणाला पोथ्या राहू द्या, चला मंडपात. तिथे पांढऱ्या कपड्यातले देवधाई, म्हणजे त्यांचे जुन्या धर्माचे पुरोहित, पुढे अंडी, कोंबडी, तांदळाची दारू वगैरे ठेवून मंत्र म्हणत होते. आपल्या पितृपक्षात आणि यात फरक काय तर आपण कावळ्याची वाट बघतो आणि इथे माणसांची झुंबड, लाउडस्पीकर, नव्या कपड्यातली पोरंटोरं, एकदम सणाचं वातावरण.

मामा एका वयस्कर गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसले. हे जे म्हणतायत ते तुम्हाला समजतं का, असं मामांनी त्यांच्या खास हिंदीत विचारलं. ते म्हणाले नाही. घरी कोणती भाषा? आसामिया. वडलांच्या घरी? आसामिया. आजोबांच्या? तेच.

म्हणजे बघा, १२२८ मध्ये सुकाफा नावाचा राजपुत्र पटकाई डोंगर ओलांडून आला, त्याच्या वंशाने जवळजवळ सहाशे वर्षं राज्य केलं, १८२६ मध्ये इंग्रज आले तोवर, आणि एवढ्या काळात राज्यकर्त्यांचीच भाषा हळूहळू विरघळली. दरबार आसामिया बोलायला लागला, मग घरंही. अहोम भाषा उरली ती पुरोहितांच्या पोथ्यांत आणि मंत्रांत. आता तरुण पोरं क्लास लावून ती लिपी शिकतात पण ती कुणाची आईची भाषा नाही.

या लोकांनी इतिहास मात्र लिहून ठेवलाय. बुरंजी म्हणतात त्याला, आधी अहोम भाषेत आणि नंतर आसामियात. बुरंजीचा अर्थ 'अडाण्याला शहाणं करणारं भांडार' असा काहीसा सांगतात. मामा लगेच, "म्हणजे बखर!" बखर म्हणजे बखर, चालेल. फक्त आपल्या बखरी वाचून कुणाला भाषा परत उभी करायची वेळ आली नाही.

दुपारी तलातल घर आणि रंगघर बघितलं. रंगघर म्हणजे राजाने खेळ बघायला बांधलेली दुमजली इमारत, छत उलट्या नावेसारखं. गाइड म्हणाला विटा जोडायला बदकाची अंडी आणि तांदळाची पेस्ट वापरायचे. मामा म्हणाले आमच्याकडे चुन्यात गूळ आणि हिरडा. मग गाइडने अजून एक सांगितलं की पोथ्या साची झाडाच्या सालीवर लिहायच्या, साची म्हणजे अगरूचं झाड, साल सुकवून घासून गुळगुळीत करायची, आणि शाई शिलिखा भिजवून त्यात गोमूत्र घालून करायची. शिलिखा म्हणजे काय म्हणून गाइडने बाजूच्या टपरीवरून आणून दाखवलं तर काय, हिरडाच! मामा इतके खूष झाले की दोन हिरडे खिशात टाकले. ते अजून त्यांच्या खिशात आहेत.

जाता जाता, पुण्याकडच्या वाचकांसाठी: खडकवासल्याच्या एनडीएत सर्वोत्कृष्ट कॅडेटला जे सुवर्णपदक देतात ते लाचित बरफुकनच्या नावाचं, तो याच अहोमांचा सेनापती, १६७१ मध्ये सराईघाटच्या लढाईत मुघलांना हरवणारा. मी लहानपणापासून त्या रस्त्याने जातेय आणि मला हे आत्ता कळलं.

दिवस तिसरा, १ फेब्रुवारी: चराइदेव, आणि अंधारात नामफाके

चराइदेवला सुकाफाची पहिली राजधानी होती, १२५३ ची. आता तिथे चहाच्या मळ्यांच्या मधोमध हिरवे गोल टेकाड आहेत, ते मैदाम, म्हणजे राजघराण्यातल्या लोकांच्या समाध्या. आत विटा-दगडांची घुमटासारखी खोली, वर मातीचा ढीग, भोवती अष्टकोनी भिंत. ९० मैदाम आहेत आणि जुलै २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. सकाळी धुक्यात एकामागून एक टेकाड दिसत होतं आणि गवतावर इतकं दव की बूट ओलेचिंब. इथे अर्धा दिवस ठेवा, लोक तासाभरात सेल्फी काढून पळतात.

तिथून सोनारी-नामरूप करत नाहरकटिया. वाटेत मामांनी पाट्या वाचायचा सपाटा लावला. नामदांग, नामती, नामरूप, नामसांग. नाम नाम काय आहे सगळीकडे? ड्रायव्हर दादाने सांगितलं ताईत नाम म्हणजे पाणी, नदी. भाषा गेली तरी नद्यांनी नाव सोडलं नाही. थाई जेवणात जे 'नाम प्ला' म्हणून माशाचं पाणी असतं त्यातलं नाम हेच. मला एकदम पुण्यातल्या थाई हॉटेलचं मेनूकार्ड आठवलं.

टायर पंक्चर झाल्यामुळे नामफाकेला पोचायला सात वाजले म्हणजे तिकडच्या हिशोबाने मध्यरात्र. काहीच दिसत नव्हतं. खांबांवरचं घर, लाकडी जिना, वर एक बल्ब आणि हात जोडून उभ्या घरमालकीण काकू. आत गेल्या गेल्या लाल चहा, म्हणजे बिनदुधाचा, आणि मग जेवण. केळीच्या पानासारख्या पण लहान पानात घट्ट बांधलेली भाताची पुडी, आसामियात तुपुला भात, ताईत 'खाव हो'. खाव म्हणजे भात, हो म्हणजे पुडी. चिकट तांदूळ, वाफवलेला, पानाचा वास मुरलेला. सोबत पानात भाजलेला मासा, ढेकिया नावाची कुरळ्या टोकाची पालेभाजी, आणि बांबूचे कोंब. तेल जवळजवळ नाहीच. मामांनी हळूच बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढली, काकूंनी चव घेतली, मान डोलावली आणि आतून एक बरणी आणली. भूत जोलोकिया. मामांनी, सातारकर असल्याच्या जोशात, मिरचीएवढी मिरची घेतली. पुढचं लिहीत नाही. एवढंच की त्या रात्री मामा पहिल्यांदा पंधरा मिनिटं गप्प बसले.

टीप: शाकाहारी लोकांचं भागतं, आधी सांगून ठेवा. कॅश बरोबर ठेवा, नाहरकटिया पाच-सहा किलोमीटरवर आहे पण गावात एटीएमच्या भरवशावर राहू नका. स्टेशन नाहरकटियालाच आहे, ट्रेननेही येता येतं.

दिवस चौथा, २ फेब्रुवारी: नामफाके

पहाटे आवाजाने जाग आली. विहारातून पठण. 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.' चाल पूर्ण वेगळी पण शब्द तेच, आपल्याकडे गावोगावच्या बुद्धविहारात रोज ऐकू येतात ते. मी गच्चीवर, म्हणजे त्या लाकडी ओट्यावर, उभी राहून ऐकत होते आणि खाली धुक्यात बुढी दिहिंग नदी असणार असं नुसतं वाटत होतं, दिसत नव्हती.

फाके लोक थेरवादी बौद्ध. 'फा' म्हणजे भिंत, 'के' म्हणजे जुनी, जुन्या भिंतीपाशी राहणारे ते फाके असं सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७७५ च्या सुमारास, ब्रह्मदेशातल्या हुकॉन्ग खोऱ्याकडून पटकाई ओलांडून आले आणि इकडेतिकडे फिरत शेवटी १८५० मध्ये हे गाव वसवलं. अहोम आले जवळजवळ साडेपाचशे वर्षं आधी, राजे झाले आणि भाषा हरवून बसले. हे आले उशिरा, थोडेसे, राजे-बिजे काही झाले नाहीत, आणि भाषा घरात बोलतायत. मामा म्हणाले, "राज्य मिळालं की कारकून आपली भाषा सोडून लोकांची भाषा लिहायला लागतो, मी बत्तीस वर्षं तेच केलंय." हे मला नीट पटलेलं नाही, कारण आमच्या इथे तर उलटं पण झालंय, पण मामांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

विहारात गेलो. भन्तेंना आम्ही 'भन्तेजी' म्हटलं तर त्यांना फार गंमत वाटली, महाराष्ट्र म्हटल्यावर लगेच नागपूर म्हणाले. त्यांनी एका कपाटातून पोथ्या काढायला लावल्या. हातमागावर विणलेल्या कापडात गुंडाळलेल्या, दोरीने बांधलेल्या. मामा जवळजवळ ओरडलेच, "अगं, हे तर रुमाल!" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे जे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेत त्यांना रुमालच म्हणतात. मामा त्या कापडावरून असा हात फिरवत होते की भन्तेंनी आपण होऊन एक सोडून दाखवली.

पोथीला ताईत 'लिक' म्हणतात, लिपीला 'लिक ताई'. कुणी तरी पुण्य म्हणून पोथी नकलून घ्यायची आणि विहाराला दान द्यायची, शेवटी दान देणाऱ्याचं नाव आणि साल, तेही ब्रह्मी पद्धतीच्या शकात. अक्षरं लांबून ब्रह्मी वाटतात, गोल गोल, पण जवळ गेलं की काही अक्षरांच्या पोटात काळा ठिपका, कुंकू लावल्यासारखा. फाके, खामती, आइतोन या तिघांच्या लिखाणात तो ठिपका दिसतो, त्यावरून लिखाण यांचं हे ओळखायचं.

टीप: विहारात बूट बाहेर, गुडघे झाकलेले कपडे, पोथीचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद. पोथी जमिनीवर तर अजिबात ठेवायची नाही.

दुपारी काकू मागावर बसल्या होत्या. त्या जो स्कर्टसारखा कपडा नेसतात त्याला सिन म्हणतात. मी एक पिशवी विकत घेतली, खांद्याला अडकवायची, लाल-काळी. घासाघीस करू नका, तीन दिवस बसून विणतात हो.

दिवस पाचवा, ३ फेब्रुवारी: शाळा

हा दिवस सगळ्यात भारी गेला आणि त्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. जयपूरच्या जंगलात हूलॉक गिबन बघायला जायचं ठरलं होतं (दिहिंग पटकाईचा पट्टा, २०२१ मध्ये नॅशनल पार्क झालाय, तुम्ही जरूर जा) पण पाऊस लागला. फेब्रुवारीत पाऊस! पत्र्यावर असा वाजत होता की बोलणं ऐकू येईना. काकूंचे सासरे, आजोबा म्हणू, त्यांनी मामांची वही बघितली, मामांनी मोडीत लिहिलेलं काल दिवसभराचं टिपण. ते बोट ठेवून म्हणाले हे काय? मामा म्हणाले ही आमची जुनी लिपी. मग आजोबांनी आतून पाटी आणली.

आधी अक्षरं. क, ख, ङ. मामा म्हणाले ग? नाही. घ? नाही. च, मग स. त, थ, न. द? आजोबा हसले. द नाही, ब नाही. पाली लिहायला वेगळी अक्षरं आहेत, पण ताई बोलण्यात ते आवाजच नाहीत. थाईमध्ये गावाला 'बान' म्हणतात तिथे हे 'मान' म्हणतात, चांगल्याला ते 'दी' तर हे 'नी'. अहोम पोथीत मात्र ब आणि द आहेत. मी बसल्या बसल्या विचार करत होते की आपण 'ब' उच्चारल्याशिवाय एक तास तरी काढू शकू का.

अक्षराचा स्वर काढून टाकायचा असेल तर आपण पाय मोडतो. हे लोक पाय मोडत नाहीत, डोक्यावर शेंडी ठेवतात. एक छोटा वळसा अक्षराच्या वर. मामांना हे एवढं आवडलं की त्यांनी वहीचं अर्धं पान शेंड्यांनी भरवलं.

मग नावं लिहायची टूम निघाली. मामांचं नाव दिगंबर. द नाही तर त. ग नाही तर क. ब नाही तर प. शेवटचा र? शब्दाच्या शेवटी र यांच्या तोंडात बसत नाही, म्हणून न. तर मामा झाले 'तीकाम्पान'. मी दीपा, म्हणून 'तीपा'. आजोबा पाटीकडे बघून गदागदा हसायला लागले, काकूही स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्याही हसायला लागल्या. ती म्हणजे जागा. पा म्हणजे मासा. माझं नाव माशाची जागा. निघेपर्यंत मला गावात त्याच नावाने हाक मारली.

आणि मग आजोबांनी पाटीवर लिहिलं 'मा'. मामांनी वाचलं, मा. आजोबा म्हणाले, म्हणजे काय? परत म्हणाले, पण आवाज वेगळा, आणि दाराबाहेर बोट, पावसात भिजत बसलेला कुत्रा. परत मा, आवाज खाली, आणि हाताने 'ये' अशी खूण. परत मा, आणि लगाम धरल्यासारखं केलं, घोडा. फाके भाषेत सहा सूर आहेत. आणि जुन्या लिपीत त्यातल्या एकाचीही खूण नाही! काही स्वरांचंही तसंच, दोन-तीन वेगळे उच्चार एकाच खुणेत. लिहिलेलं सगळं सारखंच दिसतं, मागचं-पुढचं बघून ज्याला भाषा कानाने येते तोच बरोबर वाचतो.

मामा गप्प. मग हळू म्हणाले, "अगं, मोडी." मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, दिन की दीन, लिहिलेलं एकच, वाचणाऱ्याने ठरवायचं. मामा ते ठरवतात कारण मराठी त्यांची आहे. उद्या मराठी बोलणारा कुणीच उरला नाही आणि नुसते रुमाल उरले तर? शिवसागरच्या मंडपातले मंत्र मला तेव्हा आठवले. अहोम पोथीतही सुरांच्या खुणा नाहीत. १९२० मध्ये गोलापचंद्र बरुआंचा अहोम-आसामिया-इंग्रजी कोश छापून आला, देवधाईंकडूनच शिकून केलेला, पण तेव्हाच भाषा बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ओळीत आलेला 'मा' घोडा की कुत्रा की ये हे ठरवायला कान कुठून आणायचा? म्हणून अभ्यासक फाके, खामती, शान यांच्याकडे येतात. ऑस्ट्रेलियाचे स्टीफन मोरी वर्षानुवर्षं या गावांतून भाषा नोंदवतायत. त्यांच्याही आधी थायलंडच्या बंचोब बंधुमेधा येऊन गेल्या, त्यांचा फाके-थाई-इंग्रजी कोश १९८७ चा. आजोबांच्या पाटीसमोर बसल्यावर कळलं की एवढे लांबून लोक का येतात ते.

काकूंची मुलगी कॉलेजला आहे, तिला मी विचारलं तू फोनवर ताई लिपीत लिहितेस का. या अक्षरांना युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००९ सालीच जागा मिळालीय, अहोमला २०१५ मध्ये, आणि आपल्या मोडीला २०१४ मध्ये (मामांना हे ऐकून कोण आनंद, एका वर्षाने का होईना आपण अहोमांच्या पुढे!). ती म्हणाली येतं थोडं थोडं, पण मैत्रिणींना व्हॉइस नोट पाठवते. बरोबरच आहे की, व्हॉइस नोटमध्ये कुत्रा आणि घोडा वेगळे कळतात.

संध्याकाळी 'पा सा' खाल्लं. मासा ठेचून त्यात पाल्यांचा रस, थंडच खायचं. मला पहिला घास जड गेला, दुसऱ्यापासून आवडलं. मामांनी चटणी काढली नाही.

दिवस सहावा, ४ फेब्रुवारी: नामसाई

अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं, ऑनलाइन मिळतं, आधीच काढून प्रिंट घ्या, फोनमधलं दाखवलं तर चेकपोस्टवरच्या माणसाच्या मूडवर असतं. आमच्याकडे प्रिंट होती पण मामांच्या आधारकार्डावरच्या नावात आणि परमिटवरच्या नावात एक अक्षर वेगळं. अर्धा तास गेला. मी मनात म्हटलं तीकाम्पान लिहिलं असतं तर काय झालं असतं.

नामसाई खामती लोकांचं. लिपी तीच, भाषा जवळची, पाट्यांवर ती सहज दिसते, दुकानांवर सुद्धा, आणि याचा मामांना फार अचंबा, पोथीत नाही तर सिमेंटच्या दुकानावर! पुरुषांच्या नावाआधी चाउ आणि बायकांच्या नांग. खामतींनी १८३९ मध्ये सदियाला इंग्रजांच्या ठाण्यावर हल्ला करून कर्नल व्हाइटला मारलं होतं, हे तिथे एका चहावाल्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की जणू मागच्या आठवड्यातली गोष्ट.

तेंगापानीचा सोनेरी पॅगोडा, कोंगमू खाम, २०१० मध्ये उघडलेला. खाम म्हणजे सोनं. चकचकीत आहे, हिरवळ, कारंजी, पार्किंग. खरं सांगू, नामफाकेच्या त्या लाकडी घरातून आल्यावर मला तिथे जरा हॉटेलात आल्यासारखं वाटलं, पण संध्याकाळी उन्हं पडली आणि घंटा वाजायला लागल्या तेव्हा तक्रार राहिली नाही. आणि तिथल्या एका मुलाने खामती शब्दाचा एक अर्थ सांगितला: खाम सोनं, ती जागा. सोन्याची जागा. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ, काहींना सोन्याची, काहींना माशाची."

टीप: एप्रिलच्या मध्यात सांगकेन असतं, त्यांचं नवीन वर्ष, बुद्धमूर्ती बाहेर काढून स्नान घालतात आणि लोक एकमेकांवर पाणी टाकतात. तेव्हा गर्दी असते, राहायची सोय दोन महिने आधी बघा. शांतपणे पोथ्या बघायच्या तर आम्ही गेलो तेव्हाच जा, फक्त ३१ जानेवारी टाळून, किंवा मुद्दाम तोच दिवस धरून.

दिवस सातवा, ५ फेब्रुवारी: परत

दिब्रुगडला जाताना नामफाकेवरून गेलो कारण मामा पाटीचा फोटो काढायला विसरले होते. पाटी पुसलेली होती. आजोबांनी परत लिहून दिलं, वहीतच, मोठ्या अक्षरात, तीन वेळा मा, एकसारखं, आणि खाली काहीच खूण नाही. मामांनी त्याखाली लगेच देवनागरीत घोडा, कुत्रा, ये असं लिहून घेतलं. विमानात वही उघडली तर कोणता सूर घोड्याचा नी कोणता कुत्र्याचा ते त्यांचं त्यांनाच आठवेना, मग गावातल्या मुलीला मेसेज टाकला.

काल तिचं उत्तर आलं. अकरा सेकंदांची व्हॉइस नोट. मामांनी ती मामींना ऐकवली, दहा वेळा तरी. मामी म्हणाल्या मला तिन्ही सारखीच वाटतात.